सर, मैत्री आणि एक ढिसाळ वाक्य

'आमचे सर म्हणजे अगदी मित्रासारखे!' हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलंय. गुरुपौर्णिमा आली की अशा आठवणींचा पूर येतो. सर कधी ओरडले नाहीत, सरांनी माझ्यातले गुण ओळखले, वगैरे. नीट वाचलं तर लक्षात येतं की लेख सरांवर असला तरी कौतुक बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचंच चाललेलं असतं :-)

म्हणूनच नॉर्मन माल्कमचं १९५८ सालचं छोटंसं पुस्तक मला फार आवडतं. तत्त्वज्ञानाचे त्याचे शिक्षक लुडविग विटगेन्स्टाइन आणि त्यांच्याशी जमलेली मैत्री, हा त्याचा विषय. तत्त्वज्ञान म्हटलं की आपण इंजिनिअर मंडळी पळ काढतो. पण हे गृहस्थ मुळात आपल्यातलेच. बर्लिनला मेकॅनिकल शिकले, १९०८ मध्ये मँचेस्टरला विमानांवर काम करायला गेले, १९११ साली प्रोपेलरचं पेटंटही मिळवलं. पुढे गणिताच्या पायाबद्दलचे प्रश्न छळायला लागले आणि गाडी तत्त्वज्ञानाकडे वळली.

माल्कम १९३८ मध्ये हार्वर्डहून केंब्रिजला आला. सर हातात कागद न घेता शिकवायचे, विचार अडला की बराच वेळ नुसते गप्प. १९३९ च्या वर्गात अॅलन ट्युरिंगही बसायचा (हो, तोच!) आणि सरांशी वाद घालायचा: गणितात विसंगती लपलेली असेल, तर त्या गणितावर बांधलेला पूल पडेल की नाही? माल्कमने सरळ लिहून टाकलंय की त्याला तेव्हा जवळजवळ काहीच कळत नव्हतं. दहाएक वर्षांनी वह्या पुन्हा काढल्या तेव्हा कुठे उलगडलं. तास संपला की दमलेले सर थेट सिनेमाला, तेही पहिल्या रांगेत! पुढे माल्कम त्यांना अमेरिकेहून डिटेक्टिव्ह मासिकं पाठवायचा. म्हणजे मैत्री अशी घरगुती.

आता मुख्य गोष्ट. नोव्हेंबर १९३९ मध्ये म्युनिकला हिटलरवर बॉम्बहल्ला झाला आणि तो वाचला. जर्मन सरकारने खापर ब्रिटिशांवर फोडलं. नदीकाठी फिरताना दोघांना ही बातमी दिसली. सर म्हणाले, खरंही असेल. माल्कम म्हणाला, छे, ब्रिटिश फार सुसंस्कृत, असलं काही त्यांच्या राष्ट्रीय स्वभावातच नाही. झालं! सर भयंकर संतापले. तासाआधी दोघं फिरायला जायचे, ते त्यांनी बंद केलं.

बॉम्ब ठेवला होता गेओर्ग एल्सर नावाच्या जर्मन सुताराने, एकट्याने. म्हणजे आरोप खोटाच होता. पण सरांचा मुद्दा तो नव्हताच. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९४४ मध्ये, त्यांनी पत्रात हाच विषय पुन्हा काढला. मुद्दा असा की तर्कशास्त्रातल्या अवघड कोड्यांवर चार शब्द बोलता आले, पण रोजच्या जगण्यातल्या मोठ्या प्रश्नांवर आपण ढिसाळच बोलत राहिलो, तर तत्त्वज्ञान शिकलो कशाला?

मला हा प्रसंग थेट आपल्या कॅन्टीनमधला वाटतो. 'मराठी माणसाला धंदा जमत नाही', 'जपानी लोक जात्याच शिस्तीचे', 'आपलं कल्चरच तसं'. कोडमध्ये एक एज केस सुटली तर रिव्ह्यूमध्ये वीस कॉमेंट टाकणारे आपण, ही वाक्यं मात्र न तपासता पास करतो. आणि टेबलावरचे मित्रही मान डोलावतात, कारण उगाच वाईटपणा कोण घेणार?

सरांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. विद्यार्थ्याचं एक वाक्य पाच वर्षं मनात धरून ठेवायचं म्हणजे अतीच. त्यांच्याशी मैत्री निभावणं दमवणारं होतं, हे माल्कमनेही लपवलेलं नाही. पण ती तुटली नाही. १९४९ च्या उन्हाळ्यात हेच सर माल्कमच्या घरी इथाकाला राहायला गेले. काय खायला द्याल ते चालेल, फक्त रोज तेच हवं, असं म्हणून ब्रेड आणि चीज खात राहिले! १९५१ मध्ये ते गेले.

मला सगळ्यात मोठी वाटते ती माल्कमची कृती. पुस्तक लिहिलं तेव्हा तो स्वतः कॉर्नेलमध्ये शिकवत होता. ते भांडण आणि ते पत्र सहज गाळता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं. पण त्याने दोन्ही छापलं. सरांबद्दलचा आदर त्याने विशेषणांत नाही दाखवला; सरांनी आपलं कोणतं वाक्य पकडलं, ते सगळ्यांसमोर ठेवून दाखवला.

ज्याच्यासमोर आपण काहीही बोललो तरी चालतं, तो मित्र छानच. पण ज्याच्यासमोर बोलताना वाक्य एकदा मनात तपासून घ्यावंसं वाटतं, असा एखादा तरी हवा. तो शिक्षक असेल तर नशीबच.

तेव्हा मंडळी, पुढच्या गुरुपौर्णिमेला सरांबद्दल लिहाल तेव्हा बाकी सगळं राहू द्या. सरांनी तुमचं कोणतं वाक्य पकडलं होतं, तेवढं लिहा.