पाहुण्यांना दाखवायचे गाव

आमच्या घरी बाराही महिने पाहुणे येतात. ते माझ्याकडे येतात असे मी समजतो; आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, ते अंबाबाईकडे येतात, आमच्याकडे फक्त जेवतात. ते काही असो. पाहुणा दारात वहाणा काढतो न काढतो तोच मी त्याला विचारतो, "किती वेळ आहे आपल्यापाशी?" एका दिवसाचे कोल्हापूर, चार तासांचे कोल्हापूर आणि गाडी चुकवायची नसेल तर दीड तासाचे कोल्हापूर, असे तीन अभ्यासक्रम माझ्याकडे तयार आहेत. कॉलेजात मराठीच्या तासाला पेंगणारी मुले मी वीस वर्षे पाहत आलो आहे. पण माझ्याबरोबर गाव बघताना कुणी पाहुणा पेंगला, असे अजून घडलेले नाही.

आरंभ अर्थातच अंबाबाईच्या महाद्वारापासून. देवी पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना, आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या तीन दिवसांत, मावळत्या सूर्याचे किरण या दारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी ते देवीच्या चरणांपर्यंत येतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. हे सांगताना मी उजव्या हाताने किरणांची चढण दाखवतो. हात मुखापर्यंत गेला की पाहुणे आपोआप नमस्कार करतात.

तिथून भवानी मंडप ओलांडून खासबागेत. १९०२ साली शाहू महाराज विलायतेला गेले. त्याच वर्षीच्या २६ जुलैला मागासवर्गीयांसाठी नोकरीच्या निम्म्या जागा राखून ठेवणारा त्यांचा जाहीरनामा निघाला, आणि त्याच प्रवासात त्यांनी रोममधले प्राचीन क्रीडागार पाहिले. त्या धर्तीवर १९१२ साली आमच्या गावात कुस्तीचे मैदान उभे राहिले. मधोमध लाल मातीचा हौद. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेले. आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा. "परदेशी गेलेले राजे झुंबरे आणतात," मी पाहुण्याला सांगतो, "आमच्या राजाने रयतेला बसायला जागा आणली!" हे वाक्य माझे स्वतःचे आहे आणि ते अजून कधीही वाया गेलेले नाही.

मैदानाला लागूनच १९१५ सालचे पॅलेस थिएटर, म्हणजे आताचे केशवराव भोसले नाट्यगृह. इथे माझा आवाज थोडा कातर होतो. केशवराव याच गावचे. जन्म ९ ऑगस्ट १८९०चा. 'ललितकलादर्श'चे ते मालक आणि गळा असा की, अजून म्हातारी माणसे ऐकीव आठवणींनीसुद्धा मान डोलावतात. १९२१च्या जुलैत त्यांनी मुंबईला बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' केले आणि ऑक्टोबरात ते गेले. वय अवघे एकतीस.

मग रिक्षाने रंकाळा. पाणी ओसरलेले असेल तर संध्यामठ दाखवायचा. तलाव भरलेला असेल तर तो कुठे बुडाला आहे ते दाखवायचे. शेवट गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर. म्हैस समोर उभी, चरवीत धार पडते आहे आणि पेल्यावर बोटभर फेस. 'कोल्हापुरी' म्हणजे जीभ पोळणारे काहीतरी, एवढेच ठाऊक असलेला मुंबईकर मिशीवरचा फेस पुसू लागला की माझा अभ्यासक्रम पूर्ण होतो.

असे सगळे सुखाने चालले होते. मग एकदा नागपूरचे एक प्राध्यापक परीक्षक म्हणून आले. नाट्यगृहासमोर माझे केशवराव संपल्यावर त्यांनी सहज विचारले, "आपण इथे अलीकडे कोणते नाटक पाहिलेत?" मी आठवू लागलो. खूप मागे गेलो. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून पाहिलेले एक संगीत नाटक आठवले. त्यानंतरची दोनचार आठवली. अलीकडचे एकही आठवेना. मी विषय बदलून त्यांना रंकाळ्याकडे वळवले.

रात्री हे घरी सांगितले तेव्हा ताटे उचलता उचलता सौभाग्यवती म्हणाली, "अहो, तुम्हांला गाव आवडतं, की गावाबद्दल बोलायला आवडतं?"

मी हसण्यावारी नेले. बायकोचे खरे बोलणे हसण्यावारी नेणे ही आम्हा नवरे मंडळींची जुनी सोय आहे.

पुढची गोष्ट जुलै २०२४ मधली. माझा एक जुना विद्यार्थी दिवसा फौंड्रीत काम करतो आणि रात्री हौशी मंडळींत नाटकाच्या तालमी करतो. दोन प्रवेशिका घेऊन तो घरी आला. "सर, पहिल्यांदा मोठं काम मिळालंय. काकूंस्नी घेऊन या." मी म्हणालो, "अरे, येणार म्हणजे काय! आलोच समज." प्रयोगाच्या दिवशी पाऊस होता. पाऊस नसता तर उत्तरपत्रिका होत्या. प्रवेशिका पंचांगात तशाच राहिल्या. पुढच्या प्रयोगाला नक्की जाऊ, असे मी स्वतःला सांगितले. नाट्यगृह काय, जवळजवळ एकशे दहा वर्षे उभे होते. ते कुठे पळून जाणार होते?

८ ऑगस्टच्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली. सकाळी मी धावत गेलो. तो ९ ऑगस्ट, केशवरावांचा जन्मदिवस. दगडी भिंती उभ्या होत्या. आतले छप्पर, रंगमंच, खुर्च्या सारे जळून गेले होते. ओल्या राखेचा वास सुटला होता. गर्दीत जुने नट होते, पडदे ओढणारे होते, आणि माझ्यासारखे नुसते बोलघेवडेही होते. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्याही होते, पण आपल्याला रडायचा हक्क आहे की नाही, याची मला खात्री वाटेना.

तेवढ्यात तो विद्यार्थी दिसला. माझ्याजवळ येऊन तो बराच वेळ भिंतींकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, त्या दिवशी तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या तुमच्यासाठी धरून ठेवल्या हुत्या. पडदा पडंपर्यंत कुणाला बसू दिलं न्हाई."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरे झाले असते; मला काहीतरी उत्तर देता आले असते.

दिवाळी आली की आपल्याकडे माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढतात. चिंच लावून लख्ख घासतात, ओळीने मांडतात, आल्यागेल्याला 'आजेसासूबाईंच्या वेळची' म्हणून दाखवतात आणि सण सरला की पुन्हा माळ्यावर टाकतात. रोजचा स्वयंपाक स्टीलच्या पातेल्यात. माझे कोल्हापूर असे माळ्यावरचे झाले होते. मी ते घासून लख्ख ठेवले होते. त्यात कधी काही शिजवले नव्हते.

नाट्यगृहाची पुनर्बांधणी पुढे सुरू झाली. जुन्या भिंतींत नवे छप्पर येईल. माझ्या त्या दोन खुर्च्या मात्र परत यायच्या नाहीत. त्या आगीनंतर आम्ही दोघे शनिवारी संध्याकाळी घराबाहेर पडतो, बरोबर पाहुणा नसताना. हौशी मंडळींचा प्रयोग गावात जिथे असेल तिथे तिकीट काढून जातो. नाटक कधी बरे असते, कधी फार वाईट असते. नाटक नसले तर रंकाळ्याच्या काठावर बसतो. मी इतिहास सांगत नाही. सौभाग्यवतीने तशी अटच घातली आहे. गप्प बसल्यावर त्या पाण्यावरचा वारा किती गार असतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

आता एकच कबुलीजबाब उरला. हात वर करकरून शेकडो पाहुण्यांना दाखवलेले ते किरण मी स्वतः कधीही पाहिलेले नाहीत. दर नोव्हेंबरात कॉलेजचे काही ना काही काम निघाले. वाटेत उंच बांधकामे आली, धूळ किंवा ढग आले की किरण मध्येच अडतात. तेव्हा पुढच्या वर्षी पाहू, असे इथेही म्हणण्यात अर्थ नाही.

म्हणून सर्व इष्टमित्रांना नम्र सूचना : ९, १० आणि ११ नोव्हेंबरला संध्याकाळी आमच्या घराला कुलूप असेल. किल्ली शेजारी ठेवली आहे, फराळाचा डबा ओट्यावर आहे. गाव आपले आपण पाहून घ्यावे. आम्ही दोघे देवळात आहोत.