झाडाला केलेला नमस्कार

कार्टून पाहताना मध्येच जाहिरात येते आणि ‘मला तेच हवे’ असा हट्ट सुरू होतो, हा अनुभव आता भोंगवलीसारख्या गावांतील घरांनाही नवा नाही. विकार पडद्यावरून आला, तर त्याचा काही उतारा पडद्यावरही सापडतो.

हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’ हा १९८८ चा जपानी अ‍ॅनिमेशनपट मुलांसमवेत पाहावा. आई रुग्णालयात आहे. वडील दोन लेकींना घेऊन खेड्यातील जुन्या घरात राहावयास येतात. धाकट्या मेईला सांभाळल्याबद्दल तिघेही कापराच्या विशाल वृक्षापुढे वाकून आभार मानतात. पुढे भर पावसात थोरली सात्सुकी वनवासी टोटोरोला छत्री देते. बदल्यात मिळतात पानांत गुंडाळलेल्या बिया. आणि त्या पेरण्यातच बहिणी हरखून जातात.

वृक्षाला केलेला तो नमस्कार आपल्याला परका नाही. बेंदराला वा पोळ्याला बैलाला पुरणपोळीचा घास आपण भरवतो, तो वर्षभराच्या कष्टांचे ऋण मानूनच.

मात्र चित्रपट संपताच उपदेश करू नये. ‘त्यांच्याकडे बघ, तुला किती मिळते’ असे म्हणून मुलाच्या इच्छेला लाजवणे, ही कृतज्ञतेची शिकवण नव्हे. त्याऐवजी शांतपणे विचारावे, ‘आज आपल्यासाठी कोण राबले?’ आजीची भाकरी आठवेल, एसटीचा चालक आठवेल. त्यांचे आभार मुलाने स्वतः मानावेत. आणि पाण्याचा तांब्या आणून दिल्याबद्दल आपणही त्याचे मानावेत. कारण मूल ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकते.