वल्हं बाईच्या हाती, परवाना कोणाच्या नावावर?

मे महिना नाहीतर दिवाळीची सुट्टी आली की मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले गर्दीने फुलून जातं. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी, खाडीतली सफर, हौशी मंडळींना गरी टाकून मासे पकडायला नेणाऱ्या होड्या. पण मैत्रिणींनो, या धंद्यात बाई कुठे दिसते? चुलीपाशी. सुरमईच्या तुकड्या तळतेय, सोलकढी गाळतेय, पाहुण्यांच्या खोल्यांतल्या चादरी बदलतेय. बोट आणि बोटीचे पैसे बहुतेक घरांत पुरुषांकडेच.

बाईला पाणी कळत नाही असं कोणी म्हणालं तर ते साफ खोटं. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, कालवं कोण काढतं? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित किनाऱ्यावरच्या आज्यांना तोंडपाठ असायचं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात, आणि वल्ही त्यांच्याच हातात असतात.

पण वल्ह्याची होडी वेगळी आणि इंजिनाची बोट वेगळी. खाडी-नदीतल्या इंजिनाच्या बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. बोटीची नोंदणी हवी, तपासणी हवी आणि चालवणाऱ्याकडे पात्रतेचा दाखला हवा. आपल्याकडे हा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडचं मेरीटाईम बोर्ड, बघतं.

हा नुसता कागदांचा सोस नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. केरळात तानूरला ७ मे २०२३ च्या संध्याकाळी मासेमारीच्या बोटीची केलेली पर्यटक बोट बुडाली. तिच्यात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबली होती. २२ जण गेले, त्यांत लहान मुलं किती तरी. तेव्हा दाखला मागणारच, आणि मागायलाच हवा.

मग बायका तो का घेत नाहीत? बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तर एक जण पटकन म्हणाली, "ताई, मी बोटीर गेलंय तर घरात जेवण कोण करतलो?" सगळ्या हसल्या. पण मला वाटतं खरी अडचण स्वयंपाकाच्या पुढची आहे. परवाना ज्ञानाला मिळत नाही, नोंदलेल्या अनुभवाला मिळतो. केरळचंच बघा. अलप्पुळा जिल्ह्यातल्या पेरुंबलम बेटावरच्या एस. संध्या यांना २०२४ मध्ये 'स्रांक'चा परवाना मिळाला. स्रांक म्हणजे आपला सारंगच. केरळातल्या त्या पहिल्या महिला. पण त्यासाठी आधी लस्कराचा, म्हणजे खलाशाचा परवाना, मग दोन वर्षांचा अनुभव आणि नंतर परीक्षा, अशी वाट आहे. आता सांगा, आपल्या गावात परक्या बोटीवर बाईला खलाशी म्हणून कोण घेणार? आणि घेतलं तर गाव काय म्हणणार? दार तिथेच बंद होतं.

अमेरिकेचा नियम इथे मला पटतो. तिथे सहापर्यंत गिऱ्हाइकं घेऊन मासेमारीला जाणाऱ्या कप्तानालाही परवाना लागतो आणि पाण्यावरचे ३६० दिवस दाखवावे लागतात. पण ते दिवस घरच्या बोटीवरचेही चालतात, मालकाने सही केली की झालं. म्हणजे बाप-नवऱ्याबरोबर घालवलेले दिवस फुकट जात नाहीत. आपल्याकडेही कितीतरी जणी घरच्या होडीवर जाळी ओढतात, इंजिनही सांभाळतात. केरळच्याच के. सी. रेखा नवऱ्याबरोबर खोल समुद्रात जात होत्या. त्यांना मासेमारीचा परवाना मिळाला आणि २०१७ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचा सत्कार केला. त्यांच्या कामाची दखल घेतली गेली. आपल्याकडे मात्र अशा कामाला 'मदत' म्हणतात, आणि मदतीची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

नियम बदलायला सरकारकडे मागणी करावी लागेल, ती बचत गटांच्या संघांनी लावून धरावी. तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षकाचे अभ्यासक्रम होतात. जवळच्या बंदर कचेरीत जाऊन कुठल्या बोटीला कुठला दाखला, किती अनुभव, कोणती परीक्षा, हे लेखी मागून घ्या. तोंडी उत्तरावर परतू नका, जोडीला दोघी-तिघी जा. नवी बोट घेत असाल तर नोंदणी कोणाच्या नावाने होतेय ते सही करण्याआधी वाचा. आणि आजपासून एक वही घाला, पोरांची उरलेली चाळीस पानीसुद्धा चालेल. तारीख, बोटीचा नंबर, पाण्यावर किती तास, काय काम केलं, आणि शेवटी तांडेलाची सही. तो तांडेल घरचा असला तरीही.