कवितेचं रसग्रहण, मग सिनेमाचं का नाही?

दहावीला आपण कवितेचं रसग्रहण लिहिलं. पण दिवसभर बघतो ते व्हिडिओ आणि सिनेमे! ते कसे बघायचे, हे शाळेत कुणी शिकवलं?

हरिहरेश्वरची रील्स आठवा. खडकांवर फुटणारी लाट, मागे गाणं, एकदम भारी! पण भरतीच्या वेळी तोच प्रदक्षिणा मार्ग जीवघेणा ठरू शकतो, हे त्यात दिसत नाही. कॅमेऱ्यानं काय गाळलं, हा प्रश्न पोरांना पडायला हवा.

नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (२०१३) घ्या. शेवटी जब्याचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. तो छळणाऱ्यांसाठी, की खुर्चीत बसून बघणाऱ्या आपल्यासाठी? नववीचा वर्ग यावर तासभर भांडेल.

पुण्यात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, पण एवढ्यासाठी तिथं जायला नको. एक प्रसंग, एक प्रोजेक्टर आणि तीन प्रश्न पुरेत: कॅमेरा कुठे आहे? आवाज कुणाचा आहे? काय दाखवलेलं नाही?

‘पोर्शन कधी संपवायचा?’ असं सर म्हणतीलच. त्यांचंही खरंय. म्हणून सुट्टीत गावी गेलात की तुमच्या शाळेत एक ऑफ तास मागून घ्या. सुरुवात तुम्हीच करा.