पाडव्याचं बोलावणं मागे घ्या

रायपूरकरांनो, आज 9 एप्रिल 2021. संध्याकाळी सहाला शहर बंद होतंय, ते 19 तारखेच्या सकाळपर्यंत. पिशवी घेऊन गोलबाजाराकडे निघाला असाल, तर थांबा. बंद व्हायच्या आधीची ही झुंबडच आपल्याला भोवेल. घरात डाळ-तांदूळ आहे ना? मग भाजीवाचून अडत नाही. पिठलं टाका.

‘माझ्या जिवाचं मी बघून घेईन,’ असं बरेच जण म्हणताहेत. पण कोरोना हा आजार एकट्याचा राहत नाही. ताप चढायच्या दोन दिवस आधीपासून तुमच्यामुळे दुसऱ्याला लागण होऊ शकते. हिंडता तुम्ही, भोगते माजघरातली आजी. गेल्याच महिन्यात नव्या रायपुरातल्या क्रिकेट स्पर्धेत आपण सचिन तेंडुलकरला खेळताना पाहिलं. 21 मार्चला स्पर्धा संपली, आणि आठवडाभरात त्यालाही कोरोना झाल्याची बातमी आली. एम्स, मेकाहारा या रुग्णालयांतल्या खाटा भरत चालल्या आहेत. तुमच्या घरच्यासाठी एक खाट उरायला हवी. म्हणून घरी राहा.

मोकळं हिंडणं हा आपला हक्क आहे. मलाही तो प्यारा आहे. 1897 च्या प्लेगात पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसले, त्याची सल मराठी घरांत अजून आहे. तशी जबरदस्ती कुणावरच होऊ नये. आजही विनाकारण काठी उगारली गेली, तर ते चूकच. पण त्याच साथीत सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची सेवा करता करता गेल्या. त्यांना कुणी हुकूम दिला नव्हता. आपल्याला तर फक्त उंबरठ्याच्या आत थांबायचंय. पोलिसांची वाट पाहू नका. आपणहून थांबा.

आणि एक विसरू नका. बंदची झळ सगळ्यांना सारखी नसते. तुमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईंचे पैसे कापू नका. पूर्ण द्या, आजच द्या. गल्लीतल्या रिक्षावाल्याच्या घरी चूल पेटते का, विचारा. त्याच्या दारी शिधा पोचवा. तो उपाशी राहिला, तर त्याला घराबाहेर पडावंच लागेल.

घरात कुणी कणकणलं, तर लपवू नका. त्यांना वेगळी खोली द्या, तपासणी करा. ऑक्सिजन 94 च्या खाली आला, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा. 45 च्या पुढचं कुणी लस घ्यायचं राहिलं असेल, तर त्यांचं नाव आजच नोंदवा.

मंगळवारी पाडवा आहे. गुढी जरूर उभारा, आपापल्या दारात. तात्यापाऱ्यातून चौबे कॉलनीत, चौबे कॉलनीतून शंकरनगरात जेवायला जाणं यंदा नको. ज्यांना बोलावलंय, त्यांना आत्ताच फोन लावा. ‘येऊ नका’ म्हणताना जीभ अडखळेल. तरी म्हणा. पहिला फोन सगळ्यात थकलेल्या पाहुण्याला करा.