मनाचे उपचार पाड्यापर्यंत पोहोचावेत

मानसिक आजार गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही. उपचारांच्या बाबतीत मात्र तो होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या आढाव्यानुसार श्रीमंत देशांत लाख लोकसंख्येमागे मानसिक आरोग्यसेवेतील साठहून अधिक कर्मचारी आहेत; गरीब देशांत दोनही नाहीत.

हीच दरी एका जिल्ह्यातही दिसते. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरीत आहेत. नाशिक शहरात मनोविकारतज्ज्ञ भेटतात. पण पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून तिथवर यायचे तर घाटरस्ता, एसटीचे भाडे आणि रुग्णासह सोबत्याचीही मजुरी बुडणे आले. गोळ्या मोफत मिळाल्या, तरी दरमहा ही फेरी परवडत नाही. उपचार मध्येच सुटतात आणि आजार उलटतो.

दुसरे अंतर भाषेचे. कोकणा किंवा वारली बोलणारी बाई ‘नैराश्य’ म्हणत नाही. डोके जड होते, छाती धडधडते, झोप लागत नाही, असे सांगते. अनेकदा सलाइन लावून तिची बोळवण होते. भगत निदान तिच्या बोलीत घटकाभर ऐकून घेतो. केवळ ‘अंधश्रद्धा’ म्हणून हात झटकण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार आढळला. त्यांतील ७० ते ९२ टक्के, आजारानुसार, उपचारांविना होते. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ नजीकच्या काळात तयार होणार नाहीत. पण मार्ग विदर्भाने दाखवला आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरील कार्यकर्ते व समुपदेशक प्रशिक्षित केले. गंभीर रुग्ण तेवढे तज्ज्ञांकडे पाठवले. नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने परवडणारे, जवळ मिळणारे उपचार हा हक्क ठरवला आहे. तो खरा करायचा, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्यांचा साठा नियमित हवा, आशा कार्यकर्तीला प्रशिक्षण आणि या कामाचा वेगळा मोबदला हवा. भगतालाही धोक्याची लक्षणे समजावून, रुग्ण पुढे पाठवण्यासाठी सोबत घ्यावे.

तोवर एक क्रमांक घरोघरी असू द्यावा : ‘टेलि-मानस’, १४४१६. तो मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो. कुणी मरणाची भाषा बोलू लागले, तर ती थट्टेवारी न नेता त्याला एकटे सोडू नये आणि लगेच दवाखाना गाठावा.