दहा मार्क आणि इंग्रजीची शिदोरी

आपल्या समाजातील शिकलेली मुले अलीकडे एक प्रश्न वरचेवर विचारतात. गाठीला पैसा थोडा आहे, पण इंग्रजी बरे येते. तेवढ्या भांडवलावर चीनसारख्या दूर देशी जाऊन इंग्रजी शिकविण्याचे काम मिळेल काय? वडीलधारी मंडळी हा प्रश्न हसण्यावारी नेतात. तिकडचे नियम सोपे नाहीत हे खरेच. चीनमध्ये आज अशा कामासाठी पदवी मागतात, आणि ज्या देशांची भाषाच इंग्रजी आहे अशा देशांच्या पारपत्रधारकांना अग्रमान देतात. परंतु हा प्रश्न आपल्या धर्मबंधूंना नवा नाही. १९३८ साली जर्मनीतील हजारो यहुदी कुटुंबांनी तो विचारला होता, आणि तोही हौसेने नव्हे, प्राणावर बेतले म्हणून. त्यांनी काय केले हे आपल्या तरुणांनी जाणून घ्यावे, म्हणून या वेळचे सदर त्या हकीकतीस वाहिले आहे.

हिटलर सत्तेवर आला तेव्हा एकट्या बर्लिन शहरात सुमारे १,६०,००० यहुदी राहत होते. त्यांत वैद्य होते, वकील होते, व्यापारी होते आणि शिक्षकही होते. ७ एप्रिल १९३३ रोजी झालेल्या कायद्याने सरकारी नोकरीतील यहुदी माणसांना दूर करण्यास आरंभ झाला आणि पिढीजात विद्याव्यासंगी घरांतील शिक्षक एका कागदाच्या फटकाऱ्याने निरुद्योगी झाले. ऑगस्ट १९३८ मध्ये आणखी एक हुकूम निघाला. ज्या यहुद्याचे नाव सरकारी यादीतील ठरीव यहुदी नावांपैकी नसेल, त्याने १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावापुढे पुरुष असल्यास 'इस्राएल' आणि स्त्री असल्यास 'सारा' हे नाव लावलेच पाहिजे. वाचकहो, जे नाव आपल्या पूर्वजांनी कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके मानाने मिरविले, ज्या नावाने आपण आजही स्वतःस बेने इस्राएल म्हणवितो, तेच नाव त्या देशात माणसास वेगळे काढण्याची खूण म्हणून वापरले गेले. शब्द तोच, परंतु एका भूमीत तो आशीर्वाद ठरला आणि दुसऱ्या भूमीत डाग.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग जाळण्यात आले, दुकाने फोडण्यात आली आणि सुमारे ३०,००० यहुदी पुरुषांना डाखाऊ, बुखेनवाल्ड व साक्सेनहाउसेन येथील छळछावण्यांत डांबण्यात आले. त्याच महिन्यात यहुदी मुलांना जर्मन शाळांची दारे बंद झाली. छावणीतील पुरुषांपैकी अनेकांची सुटका एका अटीवर होत असे: देश सोडून जाण्याची तजवीज झाल्याचा पुरावा दाखवा. बायका मुलांना शेजारी ठेवून एका वकिलातीतून दुसऱ्या वकिलातीत खेटे घालू लागल्या. अमेरिकेची प्रवेशसंख्या ठरलेली होती, इंग्लंडला जामीनदार हवा होता, पॅलेस्टाईनचे परवाने अपुरे होते. जगात एकच मोठे बंदर असे होते की जेथे उतरणाऱ्यास प्रवेशपत्र विचारण्यास कोणी नव्हते. ते बंदर म्हणजे शांघाय. १९३७ च्या चीन-जपान युद्धानंतर तेथील पारपत्र तपासणीची व्यवस्थाच मोडून पडली होती, आणि ती अव्यवस्था हजारोंच्या तारणास कारण झाली.

आता पैशाची गोष्ट पाहा. जाणाऱ्याची मालमत्ता निरनिराळ्या करांत आणि दंडांत सरकारजमा होई, आणि सीमा ओलांडताना माणशी अवघे १० मार्क जवळ ठेवण्याची मुभा असे. सरकारी दराने त्याचे जेमतेम चार अमेरिकन डॉलर होत. तिकीट मात्र जर्मनीतच मार्क देऊन काढता येई. ते बहुधा परतीचेही घ्यावे लागे, यद्यपि परतणार कोणी नव्हते. स्वस्त जागा लौकर संपत. त्यामुळे कित्येकांना उरलेसुरले सर्व धन घालून पहिल्या वर्गाचे तिकीट घ्यावे लागले. अशा रीतीने पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात जेवणारा उतारू बंदरावर उतरताना मात्र दहा मार्कांचा धनी असे.

जकात नाक्यावर ज्याची झडती घेता येत नाही असे एकच धन उरले होते, ते म्हणजे विद्या. म्हणून त्या दिवसांत बर्लिनमधील यहुदी घरांत इंग्रजी शिकण्याची एकच घाई उडाली. पन्नाशी उलटलेले वकील क्रियापदांची रूपे पाठ करू लागले, वैद्य शरीराच्या अवयवांची इंग्रजी नावे घोकू लागले. ज्यांची नोकरी गेली होती अशा शिक्षकांना या शिकवण्यांनीच काही काळ जगविले. लिओनोरे गोल्डश्मिट या बर्लिनच्या शिक्षिकेने १९३५ मध्ये यहुदी मुलांसाठी शाळा काढली होती. या बाईंनी दूरदृष्टी ठेवून आपल्या शाळेस केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षेचे केंद्र म्हणून मान्यता मिळविली, जेणेकरून मुलांच्या हाती परदेशात चालेल असे प्रमाणपत्र पडावे. १९३९ साली ती शाळा बंद पडली. परंतु तेथे शिकलेले इंग्रजी मुलांबरोबर समुद्रापार गेले.

बर्लिन येथे परदेशगमनास साह्य करणारी यहुद्यांची एक जुनी संस्था होती. १९०१ साली स्थापन झालेली ही 'हिल्फ्सफेराइन' प्रारंभी लोकांना शांघायला जाण्यापासून परावृत्त करीत असे. तेथे काम नाही, हवा वाईट आहे, युद्धाने शहर उद्ध्वस्त झाले आहे, असे तिचे म्हणणे होते, आणि त्यांतील एकही गोष्ट खोटी नव्हती. सल्ला सरळ होता. काळच वाकडा होता. सुमारे १८,००० माणसे अखेर तिकडे गेली.

त्रिएस्त किंवा जिनोव्हा येथून निघणारी 'कोंते व्हेर्दे', 'कोंते रोस्सो', 'कोंते बियांकामानो' ही इटालियन जहाजे सुएझवरून मुंबईस येत आणि पुढे कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करीत सुमारे चार आठवड्यांनी शांघायला पोहोचत. मुंबईतील यहुद्यांनी निर्वासितांच्या साह्यासाठी १९३४ मध्येच 'ज्यूइश रिलीफ असोसिएशन' स्थापन केली होती, आणि तिच्या जामिनकीवर काही जर्मन यहुदी आपल्या देशात स्थिरावलेही. त्याच सुमारास ब्रेस्लाउचे ॲलेक्स ॲरॉन्सन हे तरुण विद्वान १९३७ मध्ये शांतिनिकेतनात येऊन इंग्रजी साहित्य शिकवू लागले. जर्मन यहुद्याने बंगाली मुलांना इंग्रजी शिकवावे असा तो योग होता. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने त्यांना जर्मन म्हणून स्थानबद्ध केले, तेव्हा रवींद्रनाथांनी त्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकला. पुढे ते इस्रायलमध्ये स्थायिक झाले आणि तेथेही त्यांनी अध्यापनच केले.

शांघायला उतरलेल्यांचे नशीब मात्र खडतर होते. हाँग्क्यू या उद्ध्वस्त भागातील सामुदायिक निवासांत एका खोलीत अनेक खाटा मांडून त्यांना ठेवण्यात आले. शहरात रशियन निर्वासितांची गर्दी आधीच होती. इंग्रजी शिकविणारा हवा असे कोणास वाटले तर तो इंग्रजास किंवा अमेरिकनास शोधी. जर्मन वळणाच्या उच्चारास गिऱ्हाईक कमी. तरीही भाषेनेच पुष्कळांना हात दिला. ज्यास इंग्रजी येई तो न येणाऱ्या सोबत्यास शिकवी, आणि मोबदला म्हणून कधी पैसा, कधी पाव पदरात पडे. बर्लिनचे चिनीविद्येचे पंडित विली टोन यांनी युद्धकाळात 'एशिया सेमिनार' नावाचे वर्ग चालवून प्रौढांसाठी भाषांचे व इतर विषयांचे शिक्षण चालू ठेवले. उघडे बंदरही फार दिवस उघडे राहिले नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये नवे निर्बंध आले आणि प्रवेशाची एक वाट म्हणून प्रौढ माणसामागे ४०० अमेरिकन डॉलर दाखविण्याची अट घालण्यात आली. दहा मार्कांच्या धन्याने ते आणावेत कोठून?

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट सांगतो. निर्वासितांची शेकडो मुले शाळेविना भटकू नयेत म्हणून होरेस कदुरी यांनी १९३९ साली शांघायला शाळा काढली. कदुरी हे घराणे मूळचे बगदादचे. होरेस यांचे वडील सर एली कदुरी हे ससून पेढीच्या नोकरीत शिरून मुंबईमार्गे १८८० साली हाँगकाँगला गेले आणि पुढे स्वतःच्या कर्तबगारीने श्रीमंत झाले. याच सर एली यांचे नाव माझगावच्या आपल्या शाळेस आहे! हायम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली आपल्या मुलांसाठी जी 'इस्राएलाइट स्कूल' सुरू केली, तीच कदुरी यांच्या औदार्यामुळे पुढे सर एली कदुरी स्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. इस्रायलमध्ये ताबोर पर्वताजवळ जे कदुरी कृषिविद्यालय आहे, ते सर एली यांचे बंधू सर एलिस यांच्या मृत्युपत्रातील देणगीचे फळ.

शांघायच्या शाळेची धुरा लूसी हार्टविख या बर्लिनहून आलेल्या शिक्षिकेकडे होती. त्याच काळात माझगावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आपल्या रिबेका रूबेन. १९२२ पासून १९५० पर्यंत त्यांनी ती शाळा सांभाळली. या दोघी विदुषींची कधी भेट झाली असेल असे वाटत नाही. परंतु एकाच घराण्याच्या दानाखाली, दोन समुद्रांच्या काठी, दोन यहुदी स्त्रिया मुलांना इंग्रजी आणि हिब्रू या दोन्ही भाषांचे शिक्षण मिळावे म्हणून झटत होत्या. शांघायच्या शाळेचे माध्यम इंग्रजी ठेवण्यात आले, कारण ही मुले जर्मनीस परतणार नाहीत, ती इंग्रजी बोलणाऱ्या देशांत जातील, हे तेव्हाच उमगले होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये जपानी अधिकाऱ्यांनी निर्वासितांना हाँग्क्यूच्या कोंडवाड्यासारख्या भागात राहण्याचा हुकूम केला, तरी शाळा चालूच राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. पोटासाठी इंग्रजी शिकणाऱ्या या माणसांनी आपली जर्मन भाषा टाकली नाही. शांघायमध्ये त्यांनी जर्मन भाषेत वृत्तपत्रे आणि नियतकालिके काढली. 'शांघाय ज्यूइश क्रॉनिकल' इंग्रजी नावाचे होते, पण आतील मजकूर जर्मन. आ. यो. स्टोर्फर यांनी १९३९ मध्ये 'गेल्बे पोस्ट' सुरू केले. ज्या देशाने त्यांना हाकलले त्याच देशाच्या भाषेत ते एकमेकांचे जन्म, विवाह, मृत्यू कळवीत, नाटके करीत, विनोद करीत. भाषा ही हिटलरची मालमत्ता नव्हती. ती त्यांच्या आईची होती.

ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मनीतून यहुद्यांच्या बाहेर जाण्यास पूर्ण बंदी झाली आणि त्याच महिन्यात बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्थानकातून पूर्वेकडे मृत्यूच्या गाड्या सुटू लागल्या. शहरातील सुमारे ५५,००० यहुदी मारले गेले. शांघायला गेलेल्यांपैकी बहुतेक वाचले. बर्लिनमध्ये वाढलेला मायकेल ब्लुमेन्थाल नावाचा तेरा वर्षांचा मुलगा १९३९ साली आईवडिलांसह तेथे गेला. १९४७ मध्ये अमेरिकेस पोहोचला. १९७७ ते १९७९ तो त्या देशाचा अर्थमंत्री होता. आणि १९९७ पासून २०१४ पर्यंत बर्लिनच्याच यहुदी संग्रहालयाचा संचालक. दुसरा मुलगा सिगमंड टोबायस. हा कदुरी शाळेत शिकला, अमेरिकेत शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १९८८ साली पाहुणा अध्यापक म्हणून पुन्हा शांघायला गेला.

चीनमध्ये जाऊन शिकवू इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींना या हकीकतीतून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली ही की परक्या देशी जाताना भाषेचे ज्ञान हे खरेच भांडवल आहे, पण ते आधी पक्के करून घ्यावे. गोल्डश्मिट बाईंनी मुलांना प्रमाणपत्रासह निरोप दिला. तुम्हांस तर छळाची घाई नाही. तेव्हा पदवी, परवाना, करारपत्र आणि परतीपुरता पैसा यांची व्यवस्था झाल्याखेरीज निघू नका. त्यांना जे साधता आले नाही ते तुम्हांस साधण्याजोगे आहे.

दुसरी गोष्ट या पत्रिकेसंबंधी आहे. आता मराठीत पत्रिका कशासाठी, मुलांना इंग्रजी किंवा हिब्रू येते तेवढे पुरे, असे काही समाजबांधव म्हणतात. परंपरा सांगते की आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर फुटक्या जहाजातून उतरले तेव्हा त्यांच्याजवळ दहा मार्कही नव्हते. त्यांनी शमा ओठांवर राखली, तेलाचा घाणा चालविला आणि या भूमीची भाषा आपलीशी केली. या भाषेत त्यांना कोणी छळले नाही, कोणी डाग दिला नाही. शांघायच्या निर्वासितांनी छळणाऱ्यांच्या देशाची भाषासुद्धा आईची म्हणून जपली. मग जिने आपणांस केवळ आसरा दिला ती मराठी आपण का टाकावी? पोटाची भाषा अवश्य शिका, जमल्यास जगास शिकवा. परंतु परदेशातून घरी पत्र लिहाल ते मराठीत लिहा.